शिग्रामातली ठकठक

आमच्या फणसवाडीत घोडागाडी बाळगणारी घरं पुष्कळ होती, पण स्वतःच्या गाडीखाली स्वतः निजणारा गृहस्थ एकच, मनमोहनभाई वेलकर. आमच्या प्रभू जातीत पुरुषानं लेखणी धरावी, फार तर सतार धरावी. हातोडा धरलेला कुणी पाहिला नव्हता. भाई मात्र कोटातल्या कचेरीतून पेन्शन घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जुनं धोतर कसून तबेल्यात शिरले. लोक मागं त्यांना 'मनमोहन लोहार' म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ते मनातून आवडत असे.

मी समोरच्या घरात राहते. आमचा सज्जा त्यांच्या तबेल्यावरच उघडतो, त्यामुळे मी चोरून पाहिलं असं कुणी म्हणू नये. डोळे मिटून बसले असते तरच दिसलं नसतं. जे मी पाहिलं नाही ते वरळीच्या काशीबाई कोळणीनं मला सांगितलं. ती आमच्याकडे आणि त्यांच्याकडे रोजची मासळी घालत असे.

गाडी म्हणजे भाईंच्या वडिलांनी घेतलेला शिग्राम. चारी बाजूंनी बंद, खिडक्यांना लाकडी झिलमिल्या, आत समोरासमोर दोन बाकं, पुढं हाकणाऱ्याची उंच बैठक. वडिलांच्या वेळी दोन घोडे आणि पागोटंवाला कोचमन होता. भाईंच्या वेळी चंपी नावाची एक म्हातारी घोडी उरली आणि कोचमन म्हणजे भाईच. त्यांची एकुलती एक मुलगी उर्मिला याच शिग्रामात बसून सासरी गेली. रंगाचे पोपडे निघाले होते, एका दाराची कडी दोरीनं बांधलेली असे. जावई श्यामकांत दर दिवाळीला म्हणे, "मामा, आता मोडीत काढा." भाई हसून त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढायला सांगत.

चाक उतरवून त्याच्या मधल्या तुंब्यातलं जुनं काळं वंगण बोटानं काढायचं, नवं भरायचं, आसाच्या चामडी चकत्या तेलात भिजवायच्या, गाडी तोलणाऱ्या लोखंडी कमानींच्या पात्यांमधली माती खरवडायची, हे भाईंचं व्रतच. गाडी अशी चालावी की आत भरली वाटी ठेवली तर थेंब सांडू नये, असं ते म्हणत. सुमतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वरून हाक मारत, "अहो, भाताची पेज झाली." खालून आवाज येई, "हे एवढं चाक बघतो." ते एवढं चाक कधीच एवढं नसे.

सुमतीबाईंचा एकच कायदा होता. शिग्रामाच्या गाद्यांना भाईंनी हात लावायचा नाही. गाद्या त्यांनी स्वतः शिवल्या होत्या, लाल मशरूच्या रेशमी कापडाच्या, आणि भाईंचे हात बाराही महिने तेलात बरबटलेले. गाडी उघडायची झाली की सुमतीबाई खाली येत, मागच्या बाकावरची गादी स्वतः उचलत आणि कडेवर मूल घ्यावं तशी घेऊन वर जात. काम संपलं की स्वतःच आणून बसवत. भाईंनाही ते बरं होतं. गादी हे बायकांचं काम आणि कमानी पुरुषांचं, अशी त्यांची वाटणी होती.

एका वर्षी श्रावणात भाईंना विषमज्वर झाला. डॉक्टरनं हात टेकले, उर्मिलेला बोलावणं गेलं. सुमतीबाई त्या खाटेपासून हलल्या नाहीत. मी पेज घेऊन जाई ती तशीच परत आणी. मग एके सकाळी भाईंनी डोळे उघडले आणि चंपीला चंदी घातली का, असं विचारलं. त्या दिवशी सुमतीबाई आमच्या जिन्यात बसून रडल्या. नवऱ्यासमोर रडायचं नाही म्हणून आमच्या जिन्यात.

भाई हिंडूफिरू लागले तेव्हा सुमतीबाईंनी नवऱ्याकडे एकच मागितलं. "पौष पौर्णिमेला प्रभादेवीला जाऊ. आपल्या गाडीतून. तुम्ही हाका, मी आत बसते."

प्रभादेवी आमच्या जातीची देवी. तिच्या जत्रेला अर्धं गिरगाव गाड्या जुंपून जातं. मागणं काही मोठं नव्हतं. पण त्या पौषात भाईंचे पाय अजून कापत होते, लगाम कुठला धरवणार? डॉक्टरनं नको म्हटलं. "पुढच्या पौषात नक्की," भाई म्हणाले.

आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास गाडीत आवाज सुरू झाला.

आधी कुणाच्या लक्षात आला नाही. मग उर्मिलेला सासरी परळला पोचवायला निघाले असता भाईंनीच ऐकला. ठक... ठकठक. खड्ड्यात चाक गेलं की दोनदा, सपाट रस्त्यावर मधूनच एकदा. खालून, मागच्या बाजूनं, लाकडाच्या पोटातून आल्यासारखा. भाईंनी घरी येताच कोट काढून गाडीखाली कंदील नेला.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही वाडीकरांनी तो तमाशा पाहिला. भाई नुसती गाडी जुंपून ठाकुरद्वारापर्यंत नेत, तर आवाज नाही. कुणाला तरी आत बसवून नेत, तर आवाज आहे. रिकामी असली की गप्प, माणूस बसलं की बोलते. मग भाईंनी कचेरीतल्या माणसासारखा निकाल काढला, की वजनानं कमान दबते आणि कुठंतरी लोखंडाला लोखंड लागतं. ऐकायला अगदी बिनतोड. एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही की गाडी रिकामी न्यायची तेव्हा गादी वर माडीवर असे, आणि माणूस बसवायचं म्हटलं की गादी आधी येऊन बसे. नुसत्या फळीवर बसवून कोण कुणाला फिरवतं? गादी त्यांच्या हिशेबात नव्हतीच. ती बायकांकडची बाब.

त्या पौषाला त्यांनी सगळी चाकं उतरवली होती. पौर्णिमा आली नि गेली, शिग्राम विटांवर.

"ठकठक असू दे ना," सुमतीबाई म्हणाल्या. "ती काय आपल्याला खाते?"

"जत्रेत जातीच्या पन्नास गाड्या उभ्या असतात. त्यांत आपली ढोलकी वाजवत जायची?"

"वाजू दे."

"अगं, तुला हिसके बसतील. जरा धीर धर. पुढच्या पौषात लोण्यासारखी नेतो तुला."

त्यात मानाचा भाग होता, नाही म्हणत नाही. पण माया त्याहून जास्त होती, आणि मला अजून राग येतो तो त्या मायेचाच. नुसता अहंकारी माणूस असता तर बायकोनं भांडून त्याला वाकवला असता.

पुढच्या वर्षी कमानींचा नंबर लागला. भोईवाड्यात दगडू लोहार होता, त्याच्याकडे भाईंनी दोन्ही मागच्या कमानी छकड्यात घालून नेल्या. दगडूनं त्या उलट्यासुलट्या पाहिल्या, एक पातं झिजलंय म्हणाला आणि नवं घालून देतो म्हणून ठेवून घेतल्या. गिरणीचं काम आलं की घरगुती काम मागं पडतं. कमानी संक्रांतीनंतर आल्या, तेव्हा जत्रेतली दुकानंसुद्धा उठली होती. नवं पातं घालून भाईंनी गाडी जोडली, सुमतीबाईंनी गादी आणून बसवली, दगडूलाच आत बसवून चक्कर मारली. ठक, ठकठक. दगडूनं कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाई, हिच्यात भूत हाय." बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं.

श्यामकांतनं आपली व्हिक्टोरिया पाठवायची तयारी दाखवली. सुमतीबाईंनी नको म्हटलं. उर्मिला म्हणाली, आगगाडीनं दादरला उतरू, तिथून कितीसं आहे. त्यालाही नको. मी एकदा चिडून म्हटलं, "सुमती, देवी काय गाडी बघते?"

"देवी नाही बघत," त्या म्हणाल्या. "मी बघते."

मला वाटलं, चढलीय. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्याचं वाईट वाटतं, पण मला तरी काय ठाऊक?

त्याच पावसाळ्यात त्यांना खोकला लागला आणि दसऱ्यापर्यंत त्यांच्या अंगावरचं मांस गेलं. डॉक्टरनं भाईंना बाजूला घेऊन क्षय सांगितला. आता पुढचा पौष हा शेवटचा, हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. सुमतीबाईंना सगळ्यांच्या आधी. भाईंचं वेड त्यानंतर खरं वाढलं. अशा बाईला हिसके बसून कसं चालेल? त्यांनी शिग्रामाचा सगळा सांगाडा सोडवला. प्रत्येक खिळा काढून नवा ठोकला. बाकांच्या खालच्या पेट्यांत हात घालून आतल्या फळ्या चाचपल्या. पेट्या रिकाम्याच होत्या. गादी तेव्हाही माडीवरच होती. हातांना फोड आले, ते फुटले, त्यांवर हळद लावून ते पुन्हा खाली जात. सुमतीबाई खिडकीत बसून पाहत. काय वाटत असेल त्यांना, हे मी तेव्हा मनात आणलं नाही.

पौष पौर्णिमेला सकाळीच त्या तयार होऊन खाली आल्या. हिरवं नऊवारी, नाकात नथ, केसांत शेवंती. दोन पायऱ्या उतरायच्या आणि थांबायचं, असं करत. गादी त्यांनी स्वतः आणली. मी हात पुढं केला तर मान हलवली. गादी बसवून त्या पायरीवर टेकल्या. भाईंनी चंपीला जुंपलं आणि म्हणाले, "एकदा कोपऱ्यापर्यंत नेऊन बघतो."

कोपऱ्यावरून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. इतकं करून आवाज होताच, आणि तोही आत कुणी नसताना, पण त्याचा अर्थ त्यांनी लावला नाही.

"चला," सुमतीबाई म्हणाल्या. "मी बसते."

"उजवं चाक आहे. मला आता नक्की कळलं. तासाभरात निघू, संध्याकाळच्या आरतीला पोचतो बघ."

"अहो, चला ना."

"हे एवढं चाक बघतो."

सुमतीबाईंनी गादी काढून मांडीवर घेतली. भाईंनी चाक उतरवलं. वाडीतून एकेक गाडी भरून निघून गेली, मुलांच्या हातांत पिपाण्या घेऊन एकेक परत आली. उन्हं कलली तरी चाक भिंतीलाच टेकलेलं होतं. भाई गाडीखालून बाहेर आले, बायकोकडे बघेनात. सुमतीबाई भिंतीला धरून उठल्या, गादी कडेवर घेतली आणि एकेक पायरी चढून वर गेल्या. नथ तेवढी त्यांनी जिन्यातच काढली.

फाल्गुनात त्या गेल्या.

सुतक फिटल्यावर एके दुपारी काशीबाई कोळीण त्यांच्या दारी आली. डोक्यावर पाटी नव्हती. भाई ओट्यावर बसले होते, तेलाचा डाग नसलेले त्यांचे हात मी पहिल्यांदाच पाहिले.

"भाई," ती म्हणाली, "बायची ती गारीतली गादी मना द्या."

"गादी? तुला कशाला?"

"बायनं सांगलंय. मरताना सांगलंय. कशाला ते इचारू नका."

"घरातली वस्तू देतो नि विचारू नको?"

"तुमाला सांगाचा नाय. तुमालाच सांगाचा नाय." आणि ती पदर तोंडात धरून रडू लागली.

भाई उठले, माडीवर गेले. गादी पलंगाच्या पायथ्याशी होती. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदा उचलली आणि तिथंच थांबले, कारण गादी एका बाजूला जड लागली. त्यांनी ती पालथी केली. तळाला मशरूच्याच कापडाची एक पिशवी शिवलेली होती, मांजरपाटाचं दुहेरी अस्तर लावून, टाका इतका बारीक की शिवणीत शिवण मिसळून जावी. बाकावर गादी बसली की ही पिशवी फळीतल्या मोठ्या भोकातून खालच्या रिकाम्या पेटीत लोंबत असणार. भाईंनी गादी हलवली.

ठक. ठकठक.

मी सज्जात होते. मला तो आवाज ऐकू आला. खाली काशीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

मग तिला सांगणं भाग पडलं. भाई विषमज्वरात पडले होते तेव्हा सुमतीबाईंना घर सोडता येत नव्हतं. त्यांनी काशीबाईच्या हाती नारळ पाठवला, तिनं तो प्रभादेवीच्या पायाला लावून परत आणला. सुमतीबाईंनी नवस केला की हे उठून बसले तर ह्यांनी हाकलेल्या ह्यांच्याच गाडीत बसून येईन आणि हाच नारळ तुझ्यापुढं फोडीन. तोवर नारळ गाडीच्या गादीत राहील, देवळाच्या दारीच निघेल. सुमतीबाईंच्या माहेरी, माहीमला, असा नवस मुका ठेवायची रीत होती. ज्याच्या जिवासाठी केला त्याच्या कानी फेडण्याआधी गेला तर तो त्याच्यावरच उलटतो, असं त्या मानत. नारळ वर्षभरात आत वाळला, खोबऱ्याचा गोटा सुटला आणि हिसक्यासरशी करवंटीत आपटू लागला. गादी मांडीवर घेतली की आपटणं हाताला कळे. ठकठक कशाची ते सुमतीबाईंना आवाज सुरू झाल्यावर महिन्याभरातच कळलं होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर भाई दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून निघाले असते. पण तो शब्द भाईंच्या जिवावर येईल या भीतीनं त्या गप्प राहिल्या, आणि खाली नवरा हाताला फोड येईपर्यंत लोखंड ठोकत राहिला.

"आता तुमाला कळला," काशीबाई रडत म्हणाली. "नवस उलटल तुमावर."

"उलटू दे," भाई म्हणाले.

गादी त्यांनी तिला दिली नाही.

पुढचा पौष आला. घरातली बाई जाऊन वर्ष झालं नव्हतं. अशा घरानं देवीचं कार्य करू नये अशी आमच्यात रीत आहे. श्यामकांत समजवायला आला. उपाध्ये येऊन सांगून गेले की वर्षश्राद्ध होऊ द्या, पुढच्या पौषात थाटानं नवस फेडा. भाईंनी ऐकून घेतलं. "पुढच्या पौषात हे मी फार वेळा म्हटलंय," एवढंच बोलले.

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी शिग्राम जुंपला. चाकांना वंगण घातलं नव्हतं, धुरळाही पुसला नव्हता. हात मात्र राखेनं घासून स्वच्छ केले होते. गादी त्यांनी आतल्या बाकावर ठेवली, पिशवी पेटीत नीट सोडली, दार लावलं आणि आत बसलेल्या माणसाला विचारावं तसं झिलमिलीपाशी वाकून विचारलं, "निघायचं ना?" मी सज्जातून आत आले. मला ते बघवलं नाही.

गिरगावच्या रस्त्यानं जातीच्या गाड्यांमधून शिग्राम ठकठक करीत गेला. लोक वळून बघत होते आणि भाई चंपीला मुद्दाम खड्ड्यांतून नेत होते, असं नंतर कुणीसं सांगितलं. देवळाशी काशीबाई वाट पाहत होती. भाई आत गेले नाहीत. घरी दुखवटा, रीत तेवढी त्यांनी पाळली. शिवण उसवून नारळ तिच्या हाती दिला आणि घोडीचा लगाम धरून बाहेर उभे राहिले. फोडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

काशीबाईनं प्रसाद आणला. गोटा काळा पडला होता, खवट वास येत होता. "नुसता तोंडाला लावा, भाई," ती म्हणाली. भाईंनी तिथं रस्त्यावर उभं राहून तो सगळा खाल्ला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

परतताना त्यांनी काशीबाईला वरळीच्या वाटेपर्यंत आत बसवून घेतलं. ती त्या गादीवर बसली होती. शिग्राम दगडांवरून, खड्ड्यांवरून गेला. आत माणूस असून एकदाही आवाज झाला नाही. वाटी ठेवली असती तर थेंब सांडला नसता, काशीबाई मला सांगत होती. मध्येच भाईंनी गाडी थांबवली. तिला वाटलं, घोडीला काही झालं. भाई खाली उतरले, मागच्या चाकाशी गेले आणि गाडी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. थांबून ऐकलं. पुन्हा हलवली.

"क झाला, भाई?" तिनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "हे एवढं चाक बघतो."

आणि ते चाकाला कान लावून तिथंच बसून राहिले.